रस्ता वर चढतो, दुकान खाली जाते

खामगावच्या जुन्या बाजारपेठेत एखाद्या चौकात उभे राहून दुकानांच्या पायऱ्यांकडे पाहावे. जुन्या दुकानांपैकी काहींत शिरताना पायरी चढावी लागत नाही, उलट एक पाऊल उतरावे लागते. बांधताना कोणी दुकान रस्त्याच्या खाली ठेवत नाही. जोते उंचच घेतात. मग दुकान खचले का? बहुतेक वेळा नाही. रस्ताच वर आला आहे.

एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ होती. जलंब ते खामगाव हा सुमारे १३ कि.मी.चा फाटा या कापसासाठीच टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. पण बाजारापर्यंत कापूस येई तो बैलगाड्यांतून. गाडीचे चाक लाकडी आणि त्याला लोखंडी धाव. चौकाच्या पुढच्या साऱ्या कहाणीचे मूळ या चाकात आहे.

त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे खडीचा रस्ता. स्कॉटलंडच्या मॅकॅडॅमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात. दाबल्यावर ते एकमेकांत अडकून बसतात. गोटे असे अडकत नाहीत, घरंगळतात. वरून मुरूम आणि पाणी टाकून दबाई केली की फटी भरतात. लोखंडी धावेखाली खडी थोडी थोडी भरडली जाई, तो चुरा पुन्हा फटींत बसे आणि पाण्याने घट्ट होई. चाकोऱ्या पडत, धूळ उडे, पण गाड्यांच्या वर्दळीमुळे रस्त्याची थोडीफार डागडुजीही होत असे.

मोटार आली आणि हा हिशेब उलटला. वेगाने फिरणारे रबरी टायर चुरा दाबत नाही, मागे उधळून देते. बंध गेला की खडी मोकळी होते. म्हणून खडीला चिकटवून धरणारे काहीतरी हवे झाले, आणि डांबर आले. (आज आपण रस्त्यावर ज्याला डांबर म्हणतो ते दगडी कोळशापासूनचे नसते. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारे बिट्युमेन असते.) डांबराचा शत्रू पाणी. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. साचलेले पाणी फटीतून आत शिरले की दगडावरचे डांबर सुटू लागते. मग खड्डा, आणि खड्ड्यावर नवा थर. जुना थर खरवडून नवा टाकावा हे योग्य, पण खर्चाचे, म्हणून बहुधा थरावर थर चढतो. चार-पाच सें.मी.चे चार थर झाले की एक पायरी संपली! सिमेंटचा रस्ता तर एका दमात १५ ते २० सें.मी. वर येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपला काळा दगड तयार झाला. त्याच दगडाची खडी करून आपणही थरांवर थर चढवीत आहोत.

पावसाचे पाणी दुकानात शिरते हा त्रास सर्वांना दिसतो. दुसरा दिसत नाही. २० मीटर लांब व तेवढाच रुंद चौक घेतला तर क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० मि.मी. पाऊस पडला की चौकात २०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या जिल्ह्यात हे पाणी काही मिनिटांत गटारात जाते.

अर्थात दबाई केलेला खडीचा रस्ताही फार पाणी पीत नसे. पाणी मुरे ते कडेच्या मातीच्या पट्टीत, झाडाच्या बुंध्याशी. सिमेंटच्या रस्त्याशी आमचे भांडण नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतण्याशी आहे. बुंध्याला खेटून सिमेंट घातले की कडुनिंबासारख्या चिवट झाडाच्या मुळांनाही हवा आणि पाणी कमी पडते.

विद्यार्थ्यांना घेऊन हे मोजता येईल. एकच दुकान पाहून निष्कर्ष काढू नये, कारण त्याचे जोते मागाहून बदललेले असू शकते. न बदललेले तीन-चार दगडी ओटे शोधावेत, पूर्वी किती पायऱ्या होत्या हे तिथल्या वृद्धांना विचारावे आणि गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून ओट्यांची व रस्त्याची पातळी ताडून पाहावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर पातळी चुकते. सगळ्यांत उत्तम संधी जलवाहिनीसाठी रस्ता खोदतात तेव्हा मिळते. सिमेंट, डांबर, खडी, मुरूम आणि तळाशी काळी माती, असे थर चराच्या भिंतीत दिसू शकतात. काठावरूनच पाहावे, आत उतरू नये. चर बहुधा संध्याकाळपर्यंत बुजवतात, तेव्हा पट्टी आणि वही घेऊन सकाळीच जावे.