आधी झाडू, मग कीर्तन

पाडवा आला, वाढदिवस आला की माणसं संकल्प करतात. उद्यापासून चिंता करायची नाही, चिडायचं नाही, सदा चांगलाच विचार करायचा. आठ दिवस जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग आपण दोष देतो तो स्वतःच्या मनोबलाला. खरं तर चूक पद्धतीची असते. विचार हुकूम ऐकत नाही. ‘काळजी करू नकोस’ असं मनाला बजावलं की काळजीच समोर उभी राहते. हातपाय मात्र ऐकतात. म्हणून विचार बदलायचा असेल, तर तो रोजच्या एका लहानशा कृतीला आणि स्वतःला विचारलेल्या एका प्रश्नाला बांधावा लागतो. वऱ्हाडच्या मातीत ही रीत जुनी आहे, आणि आजच्या संशोधनातूनही तिला आधार मिळतो.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचा क्रम आठवून पाहा. गावात आले की आधी हातात झाडू घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनातही बाबा नुसता उपदेश करत नसत. ते लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकत. कर्ज काढून सण का करायचा, मुक्या जनावराचा बळी कशासाठी, हे ऐकणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेवरून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरी लागते. तिथे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला आणि पहाटेचं सामुदायिक ध्यान व संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. दोघांच्या कामात तीन गोष्टी समान दिसतात: कृती साधी, ती रोजची, आणि चारचौघांच्या सोबतीने केलेली.

आता संशोधनाचं पाहू. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ बैठकांत मुख्यतः हे शिकवलं की उत्साह येण्याची वाट पाहू नका. आवडीचं किंवा उपयोगाचं एखादं काम ठरवा आणि करा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना हे समुपदेशन मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. मन उभारी धरेल तेव्हा हात चालतील, असं आपण मानतो. इथे हात आधी चालले.

हे घरी कसं करायचं? समजा, नांदगाव पेठेतल्या एका शेतकऱ्याची कपाशी बोंडअळीने गेली. रात्री अंथरुणावर मनात एकच वाक्य फिरतं: ‘माह्याच्यानं आता काही होत नाही.’ त्याने वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे घडलेलं लिहावं: पाऊस खंडला, अळी आली, सोसायटीचं कर्ज थकलं. उजवीकडे त्यावरून मनाने काढलेला निकाल लिहावा. डावीकडचं सगळं खरं आहे. पण त्यातून ‘काहीच होत नाही’ हे सिद्ध होतं का, एवढा एक प्रश्न विचारावा आणि उद्या सकाळचं एक काम खाली नोंदवावं: कृषी सहायकाला भेटणं, बँकेत चौकशी करणं. तिथल्याच एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्या कामगारालाही हीच रेघ उपयोगी पडते. घटना वेगळी आणि तिच्यावरचा आपला शेरा वेगळा, हाच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा गाभा. महाराष्ट्रात ती रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, ज्या विदर्भात कापसाचा भाव आणि कर्ज माणसाचा जीव घेतात, तिथे विचार बदलायला सांगणं म्हणजे दोष पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी मारणं. आक्षेप रास्त आहे. वहीतल्या रेघेने भाव वाढत नाही, सिंचन येत नाही. त्यासाठी सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण खचलेला माणूस जाब विचारायलाही उठत नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांना बोलतं केलं, धीर दिला, गरज पडली तिथे डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही. तरीही परिस्थिती बिकट असताना मनाला आधार देणं निरर्थक नाही, हे त्यातून दिसतं. मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये. डॉक्टर गाठावा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं.

दुसरी शंका धीराची: एवढ्याशा बदलाने कधी काय होणार? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्याने घडी फारशी विस्कटली नाही. म्हणजे खाडा पडला तर संकल्प मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं असतं. तेव्हा आजच्यापुरतं एक काम ठरवा, जेवणानंतरची किंवा दिवाबत्तीची वेळ त्याला नेमून द्या आणि घरातल्या एकाला सोबत घ्या. मन तयार झालं की सुरू करू, असं म्हणत थांबू नका. ते तयार होतं करता करताच.