अंतर पृथ्वीचे, वेळ वाऱ्याचा

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत पश्चिमेची वाट धरून अटलांटिक महासागर ओलांडीत असे. त्या महिन्यात ही तजवीज बदलली आणि विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा, नवा सुमारे १५,३०० किलोमीटरांचा; आणि तरीही विमान साडेचौदा तासांच्या सुमारास, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, मुक्कामी पोहोचले.

वस्तुतः या दोन नगरांमधील सर्वांत जवळचा मार्ग या दोहोंहूनही निराळा आहे. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी एकरूप असते त्या महावृत्तावरून मोजले, तर हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. आणि सपाट नकाशावर वाकडी भासणारी ती रेषा हिमालय, तिबेटचे पठार व सैबेरिया ओलांडून आर्क्टिक वृत्तात शिरते. परंतु उड्डाणात विमानातील हवेचा दाब गेला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली उतरावे लागते, आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,००० मीटरांहून अधिक असल्यामुळे ही मुभा तेथे उरत नाही. शिवाय कोणत्या राष्ट्राच्या हद्दीतून जाण्याची परवानगी आहे, याचाही विचार मार्ग आखताना करावा लागतो.

अंतराचा निर्णय असा भूगोलाने व राजकारणाने होतो. वेळेचा निर्णय मात्र वारा करतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेचे गाव आपणहून जवळ येत असेल, असा तर्क पुष्कळांच्या मनात येतो. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे तो टिकत नाही. विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानातील तफावतीने उत्पन्न झालेले आणि पृथ्वीच्या परिवलनाने पूर्वेकडे वळविलेले जेट प्रवाह, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात तर कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरांहूनही अधिक वेगाने वाहत असतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला १५० किलोमीटरांचा वारा पाठीशी लाभला, तर ते जमिनीच्या मानाने १,०५० किलोमीटर काटते. तोच वारा समोरून आला, तर अवघे ७५०. प्रशांत महासागरावरील लांबचा मार्ग लवकर सरला, तो या बळावर.

१९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून या प्रवाहांचे मापन केले, तेव्हा त्याकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. आज मात्र देशोदेशींच्या वेधशाळा नित्य फुगे सोडतात, आपापल्या नोंदी परस्परांना देतात आणि त्यांवरून वर्तविलेल्या वाऱ्यांच्या आधारे प्रत्येक उड्डाणाचा मार्ग व इंधनाचा हिशेब ठरतो. तिकिटावर छापलेली आगमनाची वेळ ही, म्हणून, राष्ट्रांच्या सीमा न मानणाऱ्या एका अखंड सहकार्याची निष्पत्ती आहे. आणि ते सहकार्य कोणत्याही कलहात खंडित होऊ न देणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य होय.