पायाखालची जमीन (भाग ५) : काळीचा रंग आणि कर्बाचा हिशेब

परभणीची काळी आणि रत्नागिरीची तांबडी, अशी दोन ढेकळं शेजारी ठेवून कशात कर्ब जास्त असं विचारलं, तर बहुतेकांचं बोट काळीकडे जाईल. प्रयोगशाळेचा अहवाल बऱ्याचदा उलटा येतो. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत, पाऊस आणि झाडोरा भरपूर असल्यामुळे, सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आसपास, कधी त्याहूनही वर सापडतो. मराठवाड्यातली काळी अर्ध्या टक्क्याभोवती घुटमळते आणि पुष्कळ शिवारांत त्याच्याही खाली असते. काळीचा काळेपणा तिच्यातल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्युमसचा. त्यावरून तिची ऐपत ठरवता येत नाही.

दुसरा चकवा चुनखडीचा. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो खनिज रूपातला. मागच्या भागात भेटलेल्या जिवाणूंचं आणि गांडुळांचं त्यावर पोट भरत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर येतो तो आकडा सेंद्रिय कर्बाचा. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली मांडलेली, पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरायची पद्धत आजही त्यासाठी चालते. आपल्याकडे ०.४० टक्क्यापर्यंत कर्ब ‘कमी’ आणि ०.४१ ते ०.६० ‘मध्यम’ धरतात.

एवढ्याशा आकड्याला इतकं महत्त्व का? मातीतला बहुतेक नत्र याच सेंद्रिय पदार्थात अडकलेला असतो, साधारण दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र. जिवाणू तो हळूहळू सोडवून पिकाला देतात. शिवाय जिवाणू आणि बुरशी जो चिकट स्राव सोडतात, त्यानं मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. अशा रवाळ जमिनीत पावसाचं पाणी मुरतं. कर्ब संपलेल्या जमिनीवर पहिल्याच सरीत पापडी धरते आणि पाणी वरून निघून जातं.

आता हिशेब. एक एकर जमिनीतली वरच्या सहा इंचांतली माती ढोबळमानानं आठ लाख किलो भरते. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे या मातीत आठशे किलो कर्ब टिकला पाहिजे. एकरी पाच टन शेणखत टाकलं असं धरू. त्यात निम्मं पाणी, आणि उरलेल्या अडीच टनांत कर्ब सुमारे सहाशे किलो. त्यातला मोठा भाग जिवाणू वर्षभरात खातात आणि कार्बन डायऑक्साइड करून हवेत सोडतात. शिल्लक राहतो पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे दीड-दोनशे किलो. जमिनीतला आधीचा कर्बही रोज थोडा थोडा झिजतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. तरीही ०.१ टक्क्यासाठी चार-पाच वर्षं लागतात. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या बाटल्या कृषी केंद्रात विकायला येतात, तेव्हा हे गणित मनात असलेलं बरं.

झीज कशानं वाढते? ऊन आणि नांगर. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उन्हाळी नांगरटीनं आणि वारंवार फिरवलेल्या रोटाव्हेटरनं मातीचे रवे फुटतात, आत सुरक्षित असलेला कर्ब हवेला आणि जिवाणूंना उघडा पडतो.

रासायनिक खतानं कर्ब मरतो, हे मात्र सरसकट खरं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खतप्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. त्यात शिफारशीच्या पूर्ण मात्रेसोबत शेणखत दिलेल्या वाफ्यांत कर्ब सर्वाधिक, आणि काहीच न दिलेल्या वाफ्यात सर्वांत कमी. नुसतं संतुलित रासायनिक खत दिलेले वाफे मधोमध. कारण साधं आहे : पीक जोमदार आलं की मुळंही जास्त वाढतात, आणि ती जमिनीतच राहतात.

ही मुळंच खरी स्वस्त पुंजी. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर नांगरणीविना शेतीचा पुरस्कार करताना याच मुद्द्यावर भर देत आले आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्रात गादीवाफे एकदाच करतात; चिखलणी नाही, लावणी नाही. भात कापल्यावर बुडखे आणि मुळं जागीच कुजू देतात आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक टोकतात. राब भाजण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र बुडखे आणि तण मारायला तणनाशक वापरतात, आणि तिथे सेंद्रियवाल्यांचा आक्षेप येतो. तो रास्त आहे. पण नांगराचं नुकसानही त्याच तराजूत घातलं पाहिजे.

उसाच्या पट्ट्यात तर कर्ब पेटवून देण्याची रीतच आहे. तोडणीनंतर एकरी तीन-चार टन पाचट राहतं आणि काडी लावली की तासाभरात राख होते. पाचट सरीत ठेवून खोडवा घेतला तर ते पावसाळ्यापर्यंत बरंचसं कुजतं. पाचटात कर्बाच्या मानानं नत्र फार थोडा, म्हणून कुजवताना जिवाणू तो मातीतून उचलतात आणि खोडवा पिवळा दिसू लागतो. त्यासाठी टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायची शिफारस आहे.

फरक पडला की नाही हे पाहायचं तर दरवर्षी नमुना काढण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांनी, त्याच शेतातून, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून माती घ्यावी. बांध, झाडाखालची सावली आणि उकिरड्याची जुनी जागा टाळावी, नाहीतर आकडा शेताचा न येता उकिरड्याचा येतो.