घरगुती मत्स्यालयातील समूहप्रिय माशांची आक्रमकता : टायगर बार्बच्या संदर्भात

प्रस्तावना :
घरगुती मत्स्यालयात थव्याने राहणारे लहान रंगीत मासे विशेष लोकप्रिय आहेत. असे मासे गुण्यागोविंदाने नांदतात, हा सर्वसाधारण समज होय. प्रत्यक्षात मात्र एक मासा दुसऱ्याचा सतत पाठलाग करतो, त्याचे पर कुरतडतो आणि दुर्बल मासा काही दिवसांत दगावतो, असे अनेकदा आढळते. अशा वेळी मारकुटा मासा काढून टाकावा किंवा संख्या घटवावी, असे सहज सुचते. हा उपाय बहुधा अपुरा का पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

माशाचा परिचय :
टायगर बार्ब हा मूळचा सुमात्रा व बोर्निओ या बेटांवरील मासा. डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी १८५५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. २०१३ पासून त्याची गणना 'पुंटिग्रस' या प्रजातीत होते. त्याची लांबी साधारणतः ५ ते ७ सेंमी असून पिवळसर अंगावर चार उभे काळे पट्टे असतात. बाजारात मिळणारे हिरवट व फिकट वाण याच जातीचे असल्याने त्यांचा स्वभावही सारखाच असतो.

कारणमीमांसा :
समूहातील प्राण्यांत श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ मध्ये कोंबड्यांच्या संदर्भात ती प्रथम सविस्तर मांडली. टायगर बार्बमध्येही अशी उतरंड दिसते व ती पाठलाग आणि चावे यांतून टिकवली जाते. दहा माशांच्या थव्यात हा त्रास अनेकांत विभागला जातो आणि पाठलाग होणारा मासा इतरांत मिसळून सुटतो. तीनच मासे असतील, तर सारा रोख एक-दोन माशांवर येतो. सर्वांत दुर्बल मासा मेला की त्याच्या वरचा मासा त्याच्या जागी येतो. वरचढ मासा काढला, तर दुसरा ती जागा घेतो. म्हणजे मासे बदलले तरी उतरंड कायम राहते. अपुरी जागा, आडोशाचा अभाव आणि एकाच ठिकाणी पडणारे अन्न यांमुळे संघर्ष वाढतो.

लक्षणे :
क्षणभराचा पाठलाग किंवा अंगावरील पट्टे दाखवत समोरासमोर फिरणे हे स्वाभाविक वर्तन आहे. परंतु एकच मासा सतत कोपऱ्यात दडून राहणे, त्याचा रंग फिका पडणे, त्याने अन्न न घेणे आणि पर फाटणे, ही धोक्याची लक्षणे समजावीत. फाटलेल्या परांवर अस्वच्छ पाण्यात जिवाणूंचा संसर्ग लवकर होतो.

उपाययोजना :
१) थव्यात किमान ८ ते १० मासे असावेत. त्यासाठी ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच, म्हणजे काठोकाठ १०८ लिटर मापाची टाकी सोयीची ठरते.
२) सर्व मासे एकाच वेळी सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर गाळणयंत्रातील जिवाणू करतात. त्यांची वाढ पुरेशी होण्यापूर्वी संख्या एकदम वाढल्यास पाणी विषारी होते. म्हणून ४-५ माशांचे दोन गट काही आठवड्यांच्या अंतराने सोडावेत.
३) नवे मासे प्रथम दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. ते सोडण्यापूर्वी मुख्य टाकीतील दगड व वनस्पतींची मांडणी बदलावी. त्यामुळे जुन्या माशांचा जागेवरील हक्क सैल होतो.
४) कडेला दाट वनस्पती आणि मध्यभागी पोहण्यास मोकळी जागा ठेवावी. अन्न थोडे थोडे, दोन-तीन ठिकाणी टाकावे.
५) एंजल, गुप्पी, फायटर अशा लांब परांच्या संथ माशांसोबत टायगर बार्ब ठेवू नयेत.
६) जखमी माशाला स्वच्छ पाण्याच्या स्वतंत्र टाकीत बरे होऊ द्यावे. वरचढ मासा काही दिवस वेगळा ठेवल्याने तात्पुरता दिलासा मिळतो. मात्र त्या अवधीत थवा पुरा करणे आवश्यक आहे.

समारोप :
टायगर बार्बची आक्रमकता पूर्णतः नाहीशी होत नाही. ती सुसह्य पातळीवर ठेवता येते. तिचा बराचसा भाग अपुऱ्या थव्यातून उद्भवतो आणि थव्याची संख्या माणूस ठरवतो. दुकानातून 'एक जोडी' घेण्याची प्रथा या माशाच्या बाबतीत घातक आहे. दहा माशांसाठी जागा नसेल, तर हा मासा न पाळणे हाच योग्य निर्णय होय. काचेच्या चार भिंतींत दुर्बल माशाला पळून जाण्यास वाट नसते. ती सोय आधीच करून ठेवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.