दाबविद्युत मोटर : प्रकार व कार्यतत्त्व

प्रस्तावना :
मोटर म्हटली की तारेची वेटोळी आणि चुंबक डोळ्यांसमोर येतात. दाबविद्युत अर्थात पिझोइलेक्ट्रिक मोटरीत यांपैकी काहीही नसते. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिल्यास त्याच्या पृष्ठावर विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर व जॅक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. विद्युतदाब दिल्यास स्फटिकाचा आकार बदलतो, हा व्यस्त परिणाम लिपमन यांनी १८८१ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडला. दाबविद्युत मोटर या व्यस्त परिणामावर चालते.

मूळ प्रश्न :
लेड झिर्कोनेट टायटॅनेट या प्रचलित सिरॅमिकची लांबी विद्युतदाबाने सुमारे ०.१ टक्का बदलते; म्हणजे १० मिलिमीटरचा ठोकळा जेमतेम १० मायक्रोमीटर वाढतो. एवढ्या अल्प हालचालीतून सलग गती मिळविण्यासाठी ती हालचाल वेगाने पुनःपुन्हा करावी लागते आणि प्रत्येक वेळी घर्षणाच्या साहाय्याने पुढे पोहोचवावी लागते.

प्रकार :
१) सुरवंट मोटर : हिच्यात तीन घटक असतात. मागचा घटक दांड्यास पकडतो, मधला लांबतो, पुढचा पकड घेतो, मागचा सुटतो व मधला आखडतो. या क्रमाने गती पुढे सरकते.

२) जडत्व मोटर : घटक सावकाश लांबताना घर्षणामुळे दांडा त्याच्यासोबत सरकतो, घटक झटक्याने आखडला की जडत्वामुळे दांडा जवळजवळ जागीच राहतो.

३) श्राव्यातीत मोटर : स्टेटरमध्ये २० किलोहर्ट्झहून अधिक वारंवारतेची कंपने निर्माण केली जातात. प्रगामी तरंगाच्या प्रकारात ९० अंशांच्या कलांतराची दोन कंपने एकत्र येऊन स्टेटरवर तरंग फिरतो. पृष्ठावरील प्रत्येक बिंदू लंबवर्तुळाकार मार्गाने हलतो आणि त्यावर दाबून बसविलेला रोटर तरंगाच्या विरुद्ध दिशेस ढकलला जातो. जपानमधील साशिदा यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ही रचना विकसित केली. १९८७ मध्ये कॅननने कॅमेऱ्याच्या भिंगातील स्वयंचलित केंद्रीकरणासाठी श्राव्यातीत मोटर वापरली.

निष्कर्ष :
सामान्य यंत्रात घर्षण कमी करण्याची धडपड असते. येथे तेच गतीचे वाहक आहे. वीज खंडित झाली तरी रोटर जागेवर स्थिर राहतो, तोही घर्षणामुळेच. चुंबकाची गरज नसल्याने, अचुंबकीय भाग वापरून ही मोटर एमआरआय यंत्राजवळही चालविता येते. मात्र त्याच घर्षणाने संपर्कपृष्ठे झिजतात, उष्णता निर्माण होते व मोटरीचे आयुष्य मर्यादित होते. म्हणून या मोटरीच्या अभ्यासात विद्युतशास्त्राइतकेच महत्त्व पृष्ठभागांच्या पदार्थविज्ञानास द्यावे लागते.