देव्हाऱ्यातला रुपया आणि मोबाईलवरचा लिलाव



आपल्या बहुतेक घरांत राणी छापाचा एखादा रुपया असतो. लक्ष्मीपूजनाला तो डब्यातून बाहेर निघतो, हळदीकुंकू लागते आणि पुन्हा फडक्यात गुंडाळला जातो. आजेसासूने सुनेला दिलेला, सुनेने लेकीसाठी राखलेला. पण हल्ली या रुपयाकडे घरातली तरुण मंडळी वेगळ्या नजरेने पाहू लागली आहेत. आकुर्डी, निगडी, चाकणच्या कारखान्यांत गावोगावची मुले कामाला आहेत. पाळी संपवून खोलीवर आले, की हाती मोबाईल असतो. त्यावर जाहिरात येते : 'वैष्णोदेवीचे नाणे द्या, दहा लाख घ्या.' 'ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला पाच लाख.' मग गावी फोन होतो : "आई, देव्हाऱ्यातली नाणी कुणाला देऊ नकोस हं!"

कर्ज, लग्न, विहीर अशी निकड असलेल्या घरात ही जाहिरात थेट काळजाला हात घालते. म्हणून ती नीट वाचायला शिकले पाहिजे.

मागितलेला भाव आणि पट्टीवरचा भाव

बाजार समितीत कांदा नेला, तर तुम्ही मनात धरलेला भाव आणि आडत्याच्या पट्टीवर पडलेला भाव यांत फरक असतो, हे तुम्हाला सांगायला नको. इंटरनेटवरच्या लिलावातही तसेच आहे. दहा रुपयांच्या नाण्यापुढे कुणीही दहा लाखांचा आकडा लिहू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तो मागितलेला भाव झाला. खरोखर विक्री कितीला झाली, तो आकडा पाहावा.

वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी सरकारने २०१२ साली चलनासाठीच काढली होती. पाच रुपयांच्या नोटेवर मागच्या बाजूला ट्रॅक्टरने नांगरणी करणारा शेतकरी आहे आणि अशा नोटा देशभर फिरल्या. जी वस्तू घरोघरी सापडते, तिला लाखो रुपये कोण देईल?

काही जाहिरातींत 'सालाखाली हिऱ्याची खूण असलेले अतिदुर्मीळ नाणे' असे लिहितात. ती खूण टांकसाळीची असते. मुंबईच्या टांकसाळीची हिऱ्याची, हैदराबादची चांदणीची, नोएडाची ठिपक्याची. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. नुसत्या खुणेने नाणे दुर्मीळ होत नाही.

बनावट माल कसा ओळखावा?

हा झाला विकत घेऊ म्हणणाऱ्यांचा डाव. दुसरे लोक खोटी नाणी विकायला मांडतात. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६ किंवा १८१८ साल आणि मागे राम-सीता किंवा मारुती असा 'आणा' पुष्कळ ठिकाणी विकायला दिसतो. कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ साली. हे देवादिकांचे आणे पुढे कुणीतरी पाडलेले शिक्के आहेत. देव्हाऱ्यात ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण जुने नाणे म्हणून पैसे मोजू नका. नाणे तांदूळ ओढते, म्हणून त्याला कोट्यवधी मिळतात, असे कुणी सांगितले तर तीही शुद्ध थाप आहे.

चांदीच्या रुपयाची परीक्षा सोपी आहे. इंग्रजी अमदानीतला तो रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. त्यात शंभरात सुमारे ९२ भाग चांदी असे. १९४०पासून चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. सराफाच्या काट्यावर नाणे ठेवा. झिजलेले नाणे थोडे हलके भरेल, पण ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक आला तर संशय घ्यावा. लोहचुंबक लावा. चांदी चिकटत नाही. निकेलचा रुपया मात्र चिकटतो. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला, तर तो चांदीचा नव्हे. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया खरोखरच दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कल फार होते. तो स्वस्तात मिळत असेल तर हात आखडता घ्यावा.

विकणाऱ्याने दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्वच्छ फोटो दिले नाहीत, वजन सांगितले नाही, एकच फोटो चार ठिकाणी दिसला, किंवा 'आज रात्रीपर्यंतच' अशी घाई केली, तर सौदा सोडावा. आणि भगिनींनो, जुने नाणे चिंच लावून, राखेने घासून चकचकीत करू नका. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतो.

आवळा देऊन कोहळा

आता फसवणुकीचे मर्म पाहा. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता. समोरचा म्हणतो, "सौदा पक्का." मग आधी नोंदणीचे पाचशे, नंतर कराचे पाच हजार, मग रिझर्व्ह बँकेच्या दाखल्याचे वीस हजार. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर इशारा दिला आहे, की बँक असल्या व्यवहारात पडत नाही, कुठलेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तेव्हा बँकेचे बोधचिन्ह दिसले म्हणून भुलू नका. पैसे देण्याआधी जो तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. आणि मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

नांगराला लागलेले नाणे

शेतात किंवा पायात खोदताना जुनी नाणी सापडली, तर ती विकायला मांडू नयेत. आकुर्डीजवळच्या चिखलीत खोदकामात निघालेली २१६ मोगलकालीन सोन्याची नाणी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २०२१ साली ताब्यात घेतली. १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. लपवले तर वाटा जातो आणि वर शिक्षा होऊ शकते. कळवले तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्याने धरला आहे. सरकारने माल ठेवून घेतला, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावे लागतात. तसेच शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवण्यास १९७२च्या कायद्याने बंदी आहे. 'परदेशी गिऱ्हाईक' म्हटले, की सावध व्हावे.

तक्रार कशी करावी?

खोटी जाहिरात दिसली, की तिचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा. जाहिरातीचा क्रमांक, विकणाऱ्याचे नाव, फोन नंबर टिपून घ्या. त्याच पानावर तक्रारीचे बटण असते, ते दाबून थोडक्यात कारण लिहा : 'नाणे बनावट आहे' किंवा 'आगाऊ पैसे मागतात'.

पैसे गेले असतील, तर वेळ दवडू नका. १९३० हा नंबर लगेच फिरवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे काढून घेण्याआधी खबर लागली, तर ते अडवता येतात. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवा. सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. संदेश पुसू नका, तोच पुरावा आहे. पुढे कुणी "मी पोलीस बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक" अशी धमकी दिली, तर घाबरू नका. तीही त्याच टोळीची दुसरी खेळी असते.

खरी अडचण लाजेची आहे. पाच हजार गेले, की मुलगा घरी सांगत नाही. बाप शेजाऱ्याला सांगत नाही. ठग मात्र त्याच जाहिरातीवर पुढच्या गावात दुसरे घर गाठतो. चोर पिकात शिरला, तर आपण बांधावरून हाळी देतोच ना? मग इथेच गप्प का बसावे? घरातल्या वडीलधाऱ्यांनी रागावण्याऐवजी आधी फोन लावायला सांगावे, बोलणे नंतर. ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत दोन मिनिटे हा विषय काढावा.

आणि नाणे खरेच जुने वाटले, तर दोन-तीन जाणत्यांना दाखवा, वजन करा, घाई करू नका. त्याला लाख मिळाले नाहीत, तरी चांदी आहे तेवढे मोल त्यात आहेच. आणि आजीचा हात लागलेला आहे, ते मोल कुठल्या लिलावात ठरत नाही.