स्नेलमासा, अंटार्क्टिक

अस्थिमत्स्यांच्या लिपॅरिडी कुलातील खोल समुद्रवासी मासा. याचे शास्त्रीय नाव पॅरालिपॅरिस डेव्हरिसी असून १९८० मध्ये रशियन मत्स्यविज्ञ आंद्रियाशेव्ह यांनी त्याचे वर्णन केले. अंटार्क्टिकातील मॅक्मर्डो साउंडमध्ये सु. ५००–६५० मी. खोलीवर तो सापडतो. तेथील पाणी सु. −१·९° से. इतके थंड असते.

अंगावर खवले नसतात. किनाऱ्यालगतच्या लिपॅरिस प्रजातीच्या माशांत अधर बाजूस आढळणारे चूषक बिंब याला नसते. वाताशयही नसतो, तरीही तो पाण्यात जवळजवळ भारहीन राहतो, ही त्याची सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. याचे कारण त्वचेखालील जेलीसारखा थर. शरीराच्या एकूण वजनापैकी सु. एक-तृतीयांश वजन या थराचेच असते. त्यातील पाण्यात लवणांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असल्याने तो त्याहून हलका असतो; शिवाय सांगाड्याचे अस्थिभवनही अल्प असते. जेलीचा थर पोसण्यास स्नायूंइतकी ऊर्जा लागत नाही. अन्न दुर्मिळ असलेल्या खोल पाण्यात ही काटकसर मोलाची ठरते. मात्र अशा शिथिल शरीराने वेगाने पोहणे साधत नाही. काळोखात भक्ष्य शोधण्यास डोळ्यांपेक्षा अंसपक्षाच्या खालच्या अरांवरील रुचिकलिका अधिक उपयोगी पडतात.